कारण विचारणारा संगणक

अमिता आखाडे महाडच्या एका खासगी दवाखान्यात रिपोर्टांच्या खिडकीवर बसायची. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर तिची वाडी. पंधरा-सोळा घरं, घरटी दोन-चार म्हशी आणि उतारावर नाचणी. शिकायला म्हणून त्या वाडीतून खाली उतरलेली ती पहिली मुलगी. कॉम्प्युटर तिला कुणी बसवून शिकवला नव्हता, पण दवाखान्यातला प्रिंटर अडला की थोरल्या डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळे तिलाच हाक मारत.

दवाखान्याचा सर्व्हर, म्हणजे सगळ्या पेशंटांचे रिपोर्ट आणि एक्स-रे सांभाळणारा मोठा संगणक, जिन्याखालच्या अरुंद खोलीत असे. तो थकला आणि नवा घ्यायचं ठरलं. तेव्हा डॉक्टर समीक्षा मॅडमनी अमिताला आत बोलावलं. बिघाड झाला की पुण्याहून माणूस येईपर्यंत पेशंट ताटकळतात, आपल्यातल्याच कुणाला तरी हे यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. अमिता हो म्हणून बसली आणि मग घाबरली. पुण्याच्या इंजिनियरला, हृतिकला, तिनं फोन लावला. तो म्हणाला, "पुस्तक वाचून नाही जमायचं ताई. सर्व्हरची नवी सिस्टीम सहा महिने फुकट वापरून बघता येते. साध्या कॉम्प्युटरवर टाका आणि रोजचं सगळं काम तिच्यावरच करा. तिच्या खोड्या आपोआप कळतील."

दवाखान्यात अडगळीत पडलेला एक कॉम्प्युटर मॅडमनी तिला देऊन टाकला. तेवढ्यात वाडीवरून निरोप आला की आईचा, चिमाबाईचा, हात मुरगळलाय. अमितानं पंधरा दिवसांची रजा काढली आणि कॉम्प्युटर एसटीत घालून पायथ्याशी उतरली. तिथं तिचा बाप रामजी वाट पाहत उभा होता. त्यानं ते धूड घोंगडीत गुंडाळलं, खांद्यावर टाकलं आणि तासाभराची चढण एकदाही न थांबता चढला. बोलला काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, त्यात जीव वाचला, पण आवाज कायमचा गेला होता.

भादवा सरत आला होता. माळ सोनकीनं पिवळा झाला होता, आणि दिवसातून चार वेळा धुकं वर येऊन वाडी पुसून टाकी आणि परत मांडून ठेवी. उंबऱ्याच्या आत, उजेडाच्या तोंडाशी, अमितानं टेबल मांडलं आणि सिस्टीम टाकली. पहिल्या खेपेला तिची निवड चुकली. ना चित्र, ना खिडकी, नुसता काळा पडदा आणि एका कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ. तिला वाटलं, मशीन चढणीवरच मेलं. मग फोनवर वाचता वाचता कळलं की सर्व्हरला मुळात चेहरा लागतच नाही. तो हवा असेल तर तसं आधीच सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी तिनं सगळं पुसून पुन्हा टाकलं, तेव्हा कुठे नेहमीसारखा पडदा दिसला.

पण नेहमीसारखा म्हणजे वरवरच. इंटरनेटचं पान उघडायला गेलं की हा पत्ता भरवशाचा आहे का, असं तो दर वेळी विचारी. फोनवरून इंटरनेट घ्यायचं वायरलेस चालत नव्हतं, ते वेगळं बसवावं लागलं. चालू झाल्या झाल्या एक मोठी खिडकी आपणहून उघडे आणि कोणतं काम अंगावर घ्यायचं ते विचारी. अमिता वहीत एकेक खोड लिहून ठेवी आणि तिच्यावरचा उपाय शोधी. दोन दिवस उपाय सापडला नाही तरी तिला वैताग येत नव्हता. धुक्यात बसून असं एखाद्या गोष्टीच्या मागे लागण्यात एक गुंगी होती.

सगळ्यात नवल तिला वाटलं ते बंद करताना. साध्या कॉम्प्युटरला बंद हो म्हटलं की तो होतो. हा आधी कारण विचारी. सर्व्हर कधी बंद करायचाच नसतो, म्हणून केलाच तर का केला ते लिहून ठेवण्याची त्याची रीत. पहिल्या संध्याकाळी तिनं बिचकत लिहिलं, 'म्हशी आल्या'. त्यानं निमूट ऐकलं. मग रोज ती खरं कारण लिहू लागली. 'आईला वेणी घालायची आहे.' 'दिवे मिणमिणतायत.' 'समोरचा डोंगर दिसायला लागला, बघत बसणार.' लिहिता लिहिता तिच्या मनात आलं, सातवीनंतर आपण वर्षभर शाळेत गेलो नाही, तेव्हा कुणी आपल्याला कारण विचारलं होतं का? मास्तरांनी हजेरीतून नाव कमी केलं होतं, एवढंच.

रामजी रोज दुपारी तिच्या मागे येऊन बसे. वाचता येत नव्हतं, पण पडद्यावरून नजर हलत नसे. एके दिवशी त्यानं कानाला हात लावला आणि मशीनकडे बोट केलं.

"आवाज नाय हो त्याला, बाबा," अमिता म्हणाली. "रिकाम्या खोलीत ठेवायचं यंत्र हाय ते. समोर कोण बसत नाय, म्हणून गळा आधीच बंद करून ठेवत्यात."

रामजीनं मान हलवली. हसल्यासारखा दिसला.

ते तिला टोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळभर बसून तिनं आत कुठे काय झोपवून ठेवलंय त्याची लांबलचक यादी धुंडाळली, त्यातून आवाजाचं कलम शोधलं, ते जागं केलं आणि दवाखान्यातून आणलेले छोटे स्पीकर जोडले. तपासायला काहीतरी वाजवायला हवं होतं. फोनमधलं जुनं सामान तिनं आधीच त्यात उतरवून घेतलं होतं. नुसत्या आकड्यांच्या नावाची एक फाइल तिनं न बघता उघडली.

"हुर्रर्र... ये गो चंद्रे, ये... ये गो माये..."

बापाचा आवाज होता. तीन वर्षांपूर्वी याच माळावर तो म्हशींना हाक देत असताना तिनं सहज टिपलेला. घरभर तो भरला आणि दारातून धुक्यात गेला. चिमाबाई चुलीपासून उठून आली आणि दुखरा हात छातीशी धरून तशीच उभी राहिली. रामजी दारात होता. त्यानं वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं पांढऱ्या धुक्यातून आधी घंटा ऐकू आली, मग शिंगं दिसली. भर दुपारी, चरणं सोडून, चंद्री म्हैस आली होती. मागोमाग दुसरी. दोघी अंगणात उभ्या राहून घराकडे बघत राहिल्या.

रामजी खाली उतरला. चंद्रीच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि मग दोघींना परत माळावर घालवून आला.

अमिताच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं. तो आल्यावर ती म्हणाली, "बाबा, रोज सांजच्याला लावीन मी हे. जाताना घरच्या फोनात पण ठेवून जाईन."

रामजीनं सावकाश नकाराची मान हलवली. कोनाड्यातला तेलाचा रिकामा डबा काढला, काठीनं त्यावर तीनदा वाजवलं आणि माळाकडे हात केला. अमिताला काही उमगेना. चिमाबाईनं सांगितलं, "दोन वर्सं लागली गो त्याला, जनावरांना डबा वळखायला शिकवायला. आता ती डब्यावर येत्यात. पुन्हा जुनं कानावर पडलं, तर मुकी जनावरं घोटाळतील, असं म्हनतोय तो."

रामजीनं होय अशी मान केली. मग त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि स्पीकरकडे बोट दाखवून एक बोट वर केलं. अजून एकदा. म्हशींसाठी नाही, त्याच्यासाठी. अमितानं दार लोटून घेतलं, आवाज अगदी बारीक केला आणि फाइल पुन्हा लावली. तिघं जवळ जवळ बसून ऐकत राहिली.

रजा संपली तशी ती महाडला परतली. त्यानंतर पाचव्या महिन्यात दवाखान्यात नवा सर्व्हर आला. हृतिक त्या दिवशी येणार होता, पण त्याची गाडी वाटेतच बंद पडली. दवाखान्यात पेशंटांची रांग लागलेली. अमितानं वही घेतली आणि जिन्याखालच्या खोलीत शिरली. मॅडम दोनदा दारातून डोकावून परत गेल्या. दुपारी एकच्या सुमारास कशेडीकडून आलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटचा जुना एक्स-रे नव्या यंत्रातून वरच्या पडद्यावर उघडला, आणि रांग सरकू लागली.

संध्याकाळी मॅडमनी चहा मागवला आणि यापुढे ती खोली तुझ्या ताब्यात, असं सांगून किल्ली तिच्या हातात दिली.

अमिता पायीच निघाली. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर जरा टेकली. पाण्यात ढग हळूहळू सरकत होते. फोन तिनं मांडीवर ठेवला होता. अर्धा तास झाला, दवाखान्यातून कुणाचाच फोन आला नाही. म्हणजे सगळं नीट चाललं होतं.