ओमकार नावाचं रेकॉर्डिंग

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. इथे तेलुगू मुलखात, गौलीगुड्यातल्या आमच्या मराठी मंडळात माइक आणि स्पीकर माझ्याकडे असतात. मला त्यातलं काही कळतं म्हणून नव्हे, तर मला कुणाला नाही म्हणता येत नाही म्हणून. गणपतीतल्या कार्यक्रमाची तालीम चालली होती. मुलांना गायक ओमकारच्या गाण्यावर नाचायचं होतं आणि गाणं माझा मित्र अविनाश याच्या फोनमध्ये होतं. त्याने पेटी वाजवता वाजवताच फोन माझ्याकडे सरकवला. यादीत ‘ओमकार’ दिसलं, मी दाबलं.

गाणं लागलं नाही. हॉलभर अविनाशचाच आवाज घुमला, आणि आवाज मी नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत चढवून ठेवलेला.

“ओमकार, मी अविनाशकाका बोलतोय, पेटीवाला. तू सगळ्यांसमोर जे सांगितलंस ना, मीही तसाच आहे रे. छप्पन्न वर्षांत कुणाला बोललो नाही...”

तेवढ्यात मला बंद करायचं बटण सापडलं. अविनाशच्या हाताखाली पेटीचा भाता हळूहळू मिटत गेला आणि एक सूर बराच वेळ रेंगाळून विझला. मुलं पुढच्या रांगेवरून भांडत होती, त्यांच्या कानावर काही गेलं नसावं. दाराशी कुसुमताई, आमच्या अध्यक्षा, तोरण ओवत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ती केली असती तर बरं, असं मला पुढचे पाच दिवस वाटत राहिलं.

ओमकार हा नारायणगुड्याचा. सात वर्षांचा असताना अविनाशकडे पेटी शिकायला यायचा आणि भात्यावर डोकं ठेवून झोपायचा. आज त्याची हिंदीत दखनी मिसळलेली गाणी इथल्या प्रत्येक ऑटोत आणि प्रत्येक लग्नात वाजतात. मागच्या वर्षी एका मुलाखतीत त्याने सरळ सांगितलं, की मला पुरुष आवडतात आणि माझा जोडीदार माझ्यासोबत राहतो. त्यानंतर आमच्या ग्रुपवर पंधरा दिवस फक्त सुप्रभाताची फुलं येत होती. मग त्याचं पुढचं गाणं असं काही चाललं, की मंडळाला एकदम आठवलं, हा आपला मुलगा. स्मरणिकेत त्याचा पानभर फोटो छापायचं ठरलं.

अविनाश उदगीरकरचा फोटो कुणी पानभर छापणार नव्हतं. तो रेल्वेत कारकून, राहायला तारनाक्याला, एकटा. संगीतासाठी त्याने लग्न केलं नाही, असं मंडळातल्या बायका आदराने सांगतात. त्याने ते कधी खोडलं नाही. दर शनिवारी पाच वाजता तो हॉलमध्ये चौदा मुलांना पेटी शिकवतो. आठवड्याचे उरलेले सहा दिवस तो फक्त शनिवार येण्यासाठी घालवतो, हे मला शाळेपासूनचा मित्र म्हणून माहीत आहे. तालमीच्या दिवशी तो पेटी बंद करत असताना, ते रेकॉर्डिंग खरं आहे का, हे मी विचारलं नाही. तरी तोच एवढं म्हणाला, “हौ.” मीही म्हणालो, “बरं.” चाळीस वर्षांच्या मैत्रीत याहून मोठं बोलणं आम्हाला जमलं नाही.

ते रेकॉर्डिंग ओमकारला पाठवायचा धीर त्याला कधी झालाच नव्हता, हे मला फोनवर कळलं. पाच दिवस तो मला सकाळ-दुपार-संध्याकाळ फोन करत होता. कुसुमताई काही बोलल्या का? ग्रुपवर काही आलं का? दूधवाला आज नमस्कार न करता गेला, ते कशामुळे? दूधवाला तेलुगू आहे आणि आमच्या ग्रुपवर नाही, हे मी त्याला समजावलं. मग रात्रभर मलाच आमच्या दूधवाल्याची काळजी वाटत राहिली.

मी धीर द्यायला म्हटलं, अरे, ओमकारचं तर अख्ख्या देशाने ऐकलं, काय वाकडं झालं?

“ओमकारचं गाणं लोक ऐकतात,” तो म्हणाला. “माझ्याकडे लोक मुलं पाठवतात.”

मी म्हटलं, शनिवारी मी लवकर येतो.

शनिवारी मी साडेचारलाच पोचलो. त्याने चौदा बस्करं मांडून ठेवली होती आणि पेटीच्या पट्ट्या पुसत होता. पाच वाजले. पाच वाजून दहा झाले. पुसलेल्या पट्ट्या तो पुन्हा पुसायला लागला. बाहेर स्कूटर थांबली की आम्ही दोघं दाराकडे बघायचो आणि स्कूटर पुढे निघून जायची. सव्वापाचला तिघं आली, मग हळूहळू आणखी काही. नऊ झाली. पाच बस्करं रिकामीच राहिली. शाळेत चाचणी आहे म्हणून, की कुणाच्या घरी काही बोललं गेलं म्हणून, हे विचारायची हिंमत ना त्याला झाली, ना मला.

सगळ्यात शेवटी कुसुमताई आल्या होत्या, नात राणीचा हात धरून; नववी तीच. एरवी त्या तिला फाटकापाशी सोडून जातात. आज त्यांनी खुर्ची ओढली आणि दाराशी बसल्या. तासभर, मांडीवर पर्स धरून. त्या अविनाशची राखण करत होत्या की अविनाशपासून राणीची, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. अविनाशलाही कळलं नसावं, कारण त्या दिवशी त्याची बोटं साध्या सरगमात दोनदा घसरली आणि मुलं खूश झाली.

तास संपल्यावर कुसुमताई उठल्या.

“अविनाशराव, राणीला ओमकारचं गाणं पेटीवर बसवून द्या.” दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “पुढच्या शनिवारीही मी बसेन.”

त्या गेल्यावर मी बस्करं गोळा करायला लागलो. रिकामी पाच आधी उचलली, त्याला दिसू नयेत म्हणून. तो ती आधीच मोजून बसला होता. मी म्हटलं, हे बघ, झालं ते झालं. आणखी कुणाच्या हाती लागायच्या आत ते रेकॉर्डिंग पुसून टाक.

अविनाशने पेटीची कडी लावली.

“सकाळीच ओमकारला पाठवलं.”