इरम्माचा रिफंड शामलाला मिळंना

परंड्याच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्सं आया म्हणून राबलेली शामलाबाई तोडकरी आमच्याच गल्लीत राहती. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली आसतील. डॉक्टर यायच्या आदी बाळ बाहीर, आन ते शामलाबाईच्या पदरात.

आता तिचं मूळचं नाव शामला न्हाय. ती उमरग्याकडची, शरणप्पा बिराजदाराची लेक इरम्मा. चौथीपतोर शिकलेली. सोळाव्या वर्सी बब्रुवान तोडकऱ्याच्या घरात आली, तवा सासू म्हणली, "इरम्मा आमच्या तोंडात बसत न्हाय." ताटात तांदूळ पसरले, बब्रुवाननं अंगठीनं शामला लिवलं, आन इरम्मा संपली. आमा समद्या बायांचंच तसं झालंय. बाजारातनं आणलेल्या म्हशीला सुदा आमी तिची जुनीच हाक मारतो, पर सुनंला न्हाय.

नोकरी लागली ती शामला म्हणून. बँकेत शामला, आधारावर शामला. मग एका साली दवाखान्यात हुकूम आला, समद्यांनी पॅनकार्ड काढा. जन्मतारखेचा पुरावा मागितला. हिच्याकडं माहेरच्या शाळंचा दाखला तेवढा व्हता. एजंटानं दाखल्यावरचं नाव हाय तसं टाकलं. कार्ड आलं, त्याच्यावर इरम्मा शरणप्पा बिराजदार. दुसरी कुणी आसती तर तिनं लगोलग दुरुस्त करून घेतलं आसतं. हिनं न्हाय घेतलं. गल्लीभर दावत फिरली. "बगा, म्या आजून हाय." बापाचं नाव खाली छापलेलं, त्यावरनं बोट फिरवायची. चूक झाली ती तिथंच, आन खुशीखुशीत झाली.

रिटायर झाल्यावर बारा लाख आले. लेक श्रीनाथ पुण्याला असतो. त्यानं आईच्या आन सोताच्या, दोघांच्या सहीनं बँकेत ठेव केली आन पावती संगट घेऊन गेला. पेन्शन बब्रुवानच्या औषधात जाती. त्येला लकवा मारलाय, तीन वर्सं खाटंवर हाय, वाचा बी गेली. म्हंजे बाई बारा लाखाची धनीण, आन हातात शंभराची नोट न्हाय.

तेवढ्यात सरकारनं पॅन आधारला जोडायची मुदत दिली आन ती सरली. इरम्मा कुठं आन शामला कुठं, जुळतंय कसं? जोडलं गेलं न्हाय, आन कार्ड मेलं. कार्ड मेलं की बँक व्याजातनं दहाच्या जागी वीस टक्के कापती. सतरा हजार नऊशे रुपये कापून गेले. खरं बगितलं तर बाईला एक रुपाया कर लागत नव्हता.

तिची नात निकिता, लेक सोनालीची पोरगी, बारावी झाली आन नर्सिंगला तिचा नंबर लागला. पैला हप्ता सतरा हजार, तीस सप्टेंबरच्या आत. जावई म्हणला, माझ्याकडं न्हाईत. श्रीनाथ फोनवर म्हणला, "ठेव मोडायची न्हाय, आई. परक्या घरच्या पोरीला किती घालायचं?" शामलाबाईनं फोन ठिवला आन निकिताला म्हणली, "कापलेलं पैसं माझं हायत. त्याला कुणाची सही लागत न्हाय. म्या भरती." त्या पोरीला पांढऱ्या साडीत बगायचं, एवढं एकच तिच्या जिवाला लागलेलं.

जुलैत कृष्णराजच्या ऑनलाइन सेंटरवर जाऊन रिटर्न भरलं.

"पैसं कदी येत्याल रं?"

"येत्याल की मावशी. सरकार हाय, पळून जातंय व्हय?"

आगष्ट गेला. सप्टेंबर लागला. रोज बँकेत जाऊन पासबुक छापायची, तर मशीन कोरं पान बाहीर ढकलायचं. एक दिस कृष्णराजच्या दुकानात जाऊन खुर्चीच धरून बसली. "उघड आन दाव मला. न्हायतर आज तुजं दुकान बंद."

कृष्णराजनं उघडलं. बावीस जुलैलाच मेसेज आलेला. कार्ड चालू न्हाय, बँकेतलं नाव जुळत न्हाय, रिफंड थांबवलाय. मेसेज आलेला कृष्णराजच्या फोनवर, कारन फॉर्मात त्यानं नंबर सोताचाच टाकलेला.

"माझ्या फोनवर तीनशे गिऱ्हाइकांचं येतंय, मावशी. कुणाकुणाचं वाचू?"

"मग तीनशे जणांचं वाटुळं करतोस व्हय, मुडद्या? माझा फोन मेला व्हता का?"

"तुमाला ओटीपी सांगता येत न्हाय म्हणून..."

"एकतीस वर्सं बाळतिणीच्या नाडीचं ठोकं मोजले म्या. सहा आकडं वाचता येत न्हाईत मला?"

मग त्यानं पयल्यांदा नीट सांगितलं. आदी पॅनवरचं नाव आधारासारखं करायचं. मग हजार रुपये दंड भरून दोन्ही जोडायचं. कार्ड जितं व्हायला महिना बी लागतो. मग बँकेचं खातं पुन्ना तपासून घ्यायचं, आन रिफंड परत काढा म्हणून अर्ज टाकायचा. शामलाबाईनं त्यालाच आयकर खात्याकडं तक्रार टाकायला लावली. आठ दिसांनी उत्तर आलं, तुमचं कार्ड चालू करून घ्या. हे तर तिला ठाऊकच व्हतं.

नाव बदलायला लग्नाचा दाखला मागत्यात. मांडवात लागलेल्या लग्नाला कागद कुठला? न्हायतर मोठ्या सरकारी डॉक्टराची सही चालती, म्हणून ती दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टर शिवांजली म्याडम भली बाई, तिनं उठून खुर्ची दिली.

"मावशी, तुम्ही शामलाबाई हे मी डोळे मिटून लिहीन. पण इरम्मा तुम्हीच, हे कशावरून लिहू? दोन्ही नावं एकत्र असलेला एक तरी कागद आणा, लगेच सही करते."

घरी येऊन खाटंवरच्या बब्रुवानजवळ बसली. "तुमीच ठिवलं व्हतं न्हवं नाव? आता सांगा की साक्ष." त्यानं नुसते डोळे हलवले. ज्यानं नाव दिलं त्येलाच बोलता येईना.

मग तिला ध्यानात आलं. असा एक कागद हाय. बाप गेला त्या साली भाऊ बंडप्पानं माहेरी बोलावून घेतलेलं, चार एकरावरचा हक्क सोडल्याची सही करायला. त्यात दोन्ही नावं आसणारच.

बब्रुवानला माझ्या हवाली करून, दोन गाड्या बदलून ती उमरग्याकडं गेली. बंडप्पा वट्ट्यावर बसलेला.

"आक्का, येकदम कशी काय?"

"ती सोडपत्राची नक्कल दे. माझ्या कामाला लागती."

त्येचं तोंडच उतरलं. "आता रस्ता जायलाय शेतातनं, भाव आलाय, तवा आठवण झाली व्हय?"

"जमीन नगं मला. माझं नाव पायजे."

"नाव घेऊन काय करतीस या वयात?" भावजय आतनं म्हणली. बंडप्पा म्हणला, कागद सापडंना. हुडकायला उठला सुदा न्हाय. भावजयीनं च्या आणला, तो तिनं तसाच ठिवला आन निघाली.

तिच्या डोक्यात आलं, सही केली ती कचेरीत, मग कचेरीला ठाऊक आसंलच. रजिस्ट्रीच्या दारात एक कागद लिवणारा बसला व्हता. त्यो म्हणला, "साल सांगा, नाव सांगा, फी भरा. तुमचाच दस्त हाय, भावाला कशाला इचारता?" दुसऱ्या दिशी आतल्या कारकुनानं शिक्क्याची नक्कल हातात दिली. त्यात लिवलेलं, शामला बब्रुवान तोडकरी, माहेरचं नाव इरम्मा शरणप्पा बिराजदार. सव्वीस वर्सांनी तिनं त्यो कागद पयल्यांदा वाचला, अक्षराला अक्षर लावून. "माझ्या राजीखुशीनं, कोणताही मोबदला न घेता."

"साडी दिली व्हती," ती कारकुनाला म्हणली. "हिरवी. आन जवारीचं अर्धं पोतं. ते लिवलं न्हाय का?"

कारकून हासला. ही न्हाय हासली. घरी आल्यावर मला म्हणली, "जगात माझी दोन्ही नावं एकाच कागदावर हायत, आन त्यो कागद मला माझ्या बापाच्या घरातनं घालवल्याचा."

म्याडमनं सही केली, अर्ज गेला. पर तीस सप्टेंबर काय थांबतो? शामलाबाई कॉलेजात गेली, रिटर्नचा कागद दावला, पैसं येणार हायत म्हणली. तिथला माणूस म्हणला, "येणार हायत त्याची पावती आमी फाडत न्हाय, आज्जी." निकिताची जागा दुसऱ्या पोरीला गेली.

ज्यांचं पैसं आडकल्यात त्यांनी ऐका. फॉर्मात नंबर आपलाच टाकायला लावा, भरणाऱ्याचा न्हाय. भरल्यावर तीस दिसांत ओटीपी देऊन ते पक्कं करायचं ऱ्हातंय, ते केलं का इचारा, न्हायतर भरलेलं वाया. आठ-पंधरा दिसाला दुकानात जाऊन "काय दावतंय बग" म्हणून छळा, लाजू नका. आन बायांनो, आधार, पॅन, पासबुक, तिन्हीवरचं नाव एक हाय का ते आजच बगा. उशीर तुमच्या बाजूनं झाला म्हणत्यात आन वरचं व्याज बी देत न्हाईत. शामलाबाईला न्हायच मिळालं.

डिसेंबरात नवं कार्ड जोडलं गेलं, आन मग एकदाचं पासबुकात उमटलं, सतरा हजार नऊशे. समदं काढलं, कमरंच्या पिशवीत घातलं आन बार्शीची बस धरली. निकिता आक्टोबरपासनं तिथल्या साड्यांच्या दुकानात लागली व्हती, नऊ हजारावर. गिऱ्हाइकापुढं साडी उलगडायची, पुन्ना घडी घालायची. आज्जीला बगून हासली, पर हात थांबला न्हाय.

"आलेत बग पैसं. पुढल्या साली भर."

"पुढल्या साली वय जातंय का बगाय लागंल, आज्जी. आन बाबा म्हणत्यात, आता पगार चालू हाय तर कशाला सोडायचं? त्यांनी माझ्या पगारावर गाडी उचललीया."

"तू काय म्हणतीस?"

निकितानं साडीचा काठ सरळ केला. मालक गल्ल्यावरनं बगत व्हता. "च्या घेतीस का? आणाय सांगू?"

शामलाबाई "नगं" म्हणली. थोडा वेळ कट्ट्यावर बसली, नातीचं हात बगत. बाळ झेलायला निघालेलं हात. मग गिऱ्हाइकं वाढली, पोरीला बोलता येईना, तशी ही उठली. बस ष्टँडवरनं सुटली तरी पैसं तिच्याच कमरंला व्हतं.