खुंटाचं पान

दीक्षा गजभियेचा आवाज चढला की ऑफिसातली माणसं हळूच आपापली दारं लावून घेतात. तिला ते ठाऊक आहे, म्हणून ती आणखी मोठ्यानं बोलते. तिचं म्हणणं असं, की आवाज चढवण्यासारखं काही घडलंच नाही तर तो चढेल कशाला? आणि गेल्या हिवाळ्यात जे घडलं ते ऐकून तर भल्या थंड डोक्याच्या माणसाचीही तळपायाची आग मस्तकात गेली असती.

ती वॉटफर्डला राहते. सकाळी नवऱ्याला, प्रणयला, स्टेशनवर सोडते आणि गाडी शहराबाहेर काढून एका लहानशा संशोधन केंद्रात जाते. तिथे कोकोची झाडं आहेत. हर्टफर्डशरमध्ये कोको! बाहेर गवतावर दव गोठलेलं आणि काचघरात मात्र स्वेटर काढून ठेवावा इतका दमट उकाडा. ॲमेझॉनच्या जंगलांतून आणि देशोदेशीच्या बागांतून आलेले कोकोचे वाण इथे आधी दोनेक वर्षं वेगळे ठेवतात. रोग नाही, कीड नाही, अशी खात्री पटली की मग त्यांच्या काड्या जगभर जातात. तेवढ्या काळात प्रत्येक झाडाची ओळख पटवणं हे दीक्षाचं काम. कोकोचं फूल थेट खोडावर उमलतं, जेमतेम नखाएवढं. त्याचा रंग, कोवळ्या पालवीची छटा, फळाच्या सालीवरच्या खाचा, बी कापल्यावर आतून जांभळी की पांढरी, हे सगळं ती बघते. चार वेळा बघते. झाडाला दुसऱ्याचं नाव चिकटवणं तिच्या लेखी गुन्हा आहे.

माणसांच्या बाबतीतही ती तशीच. हॅरोत एकदा कुणाच्या घरी जेवण होतं. यजमानीण गोड हसून म्हणाली, "गजभिये... म्हणजे मूळचे कुठले हो तुम्ही?" त्या गोड हसण्यामागचा प्रश्न दीक्षानं कल्याणच्या शाळेपासून ऐकलेला. तिनं ताटली खाली ठेवली. "मी समोर उभी आहे. माझ्याबद्दल काय ते मला विचारा ना. मूळ कशाला हवंय?" प्रणयनं निमूटपणे दोघांचे कोट शोधायला घेतले.

तर त्या काचघरात एक झाड होतं. इक्वेडोरच्या मारिसोल नावाच्या बाईंनी ते पाठवलेलं. त्या होडीतून नदीकाठानं हिंडत रानटी कोको गोळा करतात. हे झाड त्यांना एका लहानशा उपनदीच्या काठी सापडलं. त्याच्या काड्या इंग्लंडला पोचल्या आणि पुढच्याच वर्षी तो अख्खा काठ तेलाच्या पामसाठी साफ झाला. आईझाड गेलं. मारिसोलबाई दर दोन-तीन महिन्यांनी व्हिडिओ कॉल करायच्या आणि दीक्षा टॅब्लेट झाडासमोर धरायची. जगात तेवढं एकच उरलं होतं, मोठ्या काळ्या कुंडीत.

आता अशी काडी नुसती मातीत खोचून भागत नाही. आपल्याकडे आंब्याचं कलम बांधतात, तसा इथे साध्या कोकोच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, तिचा डोळा, म्हणजे कोंब, भरतात. वरचं सगळं झाड मारिसोलबाईंचं, बुंध्याशी वीतभर मात्र खुंट. त्या खुंटालाही मधूनच फूट येते. ती दिसली की लगेच खुडायची.

दीक्षा दोन आठवडे कल्याणला गेली होती तेव्हा नेमकी ती फूट आली, आणि कुणी खुडली नाही. त्याच दिवसांत लॅबमधला सायमन पेणकर डीएनए तपासणीसाठी पानं तोडायला आला. अशा माणसाचा हात आपोआप सगळ्यात कोवळ्या पानाकडे जातो, कारण त्यातून डीएनए चांगला निघतो. वरच्या झाडाला तेव्हा नवी पालवी नव्हती. खाली खुंटाची लुसलुशीत होती. त्यानं ती तोडली. रिपोर्ट आला, की हे कुठलं रानटी झाड? हा तर नेहमीचा बागेतला वाण, असे आपल्याकडे ढिगानं पडलेत. केंद्राचे प्रमुख डॉक्टर हॉब्स यांनी झाड काढून टाकायचं ठरवलं.

दीक्षा परतली, लॅबमध्ये गेली, पाकिटात उरलेलं पान पाहिलं. फिकट हिरवं. मारिसोलबाईंच्या झाडाची पालवी तांबूस असते. ती तडक काचघरात गेली, कुंडीपाशी वाकली, आणि सायमनला हाक मारली.

"हे पान तू इथून काढलंस?"

सायमनची आजी मूळची मुंबईची, मराठी बोलणारी बेने इस्रायली ज्यू. स्टॅनमोरच्या तिच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं मराठी तो मोठ्या हौसेनं बोलतो.

"वरती सॉफ्ट पान नव्हता, दीक्षा. खालचा एकदम फ्रेश होता. आय जस्ट डिडन्ट थिंक."

"ठीक आहे, होतं असं. आता हॉब्सना सांग."

"मीटिंगमध्ये सांगतो. प्रॉमिस."

चूक झाली याचा राग तिला आला नव्हता. चूक कुणाचीही होते. मीटिंगमध्ये तिनं सगळं मांडलं, पालवीचा फरक दाखवला, नवा नमुना पाठवलाय म्हणून सांगितलं, आणि सायमनकडे पाहिलं. सायमन चहाच्या मगात बघत होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट वसंतात संपत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. पण म्हणून दातखीळ बसावी?

"सायमन, बोल ना!"

त्यानं मगातला चहा ढवळायला घेतला. दीक्षानं टेबलावर हात आपटला. "निकाल येईपर्यंत त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. ते आपलं नाहीच. कुणीतरी विश्वासानं ठेवायला दिलंय!"

"दीक्षा, आपण भावनेच्या भरात जायला नको," डॉक्टर हॉब्स म्हणाले. "घानाहून रोपं येताहेत, जागा हवी आहे. तुझ्या सूचनेचा आपण जरूर विचार करू."

या देशात पंधरा वर्षं काढल्यावर, जरूर विचार करू म्हणजे नाही, हे तिला कळायला हवं होतं. पण रागात माणूस भाबडा होतो.

मग तिला ईमेल आला. कामाच्या ठिकाणी सौम्य संवाद कसा साधावा, याचा एक दिवसाचा कोर्स, लंडनला, हजेरी सक्तीची. गेली बिचारी. दिवसभर तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं. समोरच्याला दोष न देता 'मला असं वाटतं' अशी वाक्यं रचायला लावली. आणि ती तिकडे श्वास घेत असताना इकडे त्यांनी झाड करवतीनं कापलं, तुकडे केले आणि नियमाप्रमाणे वाफेच्या भट्टीत घातले. दुसऱ्या दिवशी त्या जागी घानाची रोपं ओळीनं मांडलेली होती. एक डहाळी शिल्लक नाही. याला काय म्हणायचं? सौम्य संवाद?

पुढच्या आठवड्यात नव्या नमुन्याचा निकाल आला. जगातल्या कुठल्याही संग्रहातल्या कुठल्याही झाडाशी तो जुळत नव्हता.

"फारच दुर्दैवी," डॉक्टर हॉब्स म्हणाले. "रेकॉर्डमध्ये आपण 'रोप जगलं नाही' एवढंच घालू. ते काही खोटं नाही."

"जगलं नाही? मारलंत तुम्ही त्याला!" दीक्षा ओरडली. "मला लंडनला पाठवून मारलंत. आणि मारिसोलबाईंना काय सांगू, सर्दी होऊन गेलं?"

"ते तू नेहमीप्रमाणे नीट सांगशीलच."

"मी का सांगू? मी नाही सांगणार."

तिनं सायमनला लॅबमधून अक्षरशः दंडाला धरून आणलं, टॅब्लेट हॉब्सच्याच टेबलावर उभा केला आणि स्वतः कॉल लावला. मारिसोलबाई दिसल्या. लाकडी घर, मागे वाळत घातलेले कपडे. त्या हसल्या आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "कसं आहे माझं झाड? फुललं का?"

डॉक्टर हॉब्स खाकरले. कार्यपद्धतीत एक त्रुटी, अनपेक्षित परिस्थिती, जागेची अडचण, असं काहीबाही बोलू लागले. मारिसोलबाईंना त्यातलं काही कळेना. त्या दीक्षाकडे पाहत राहिल्या. दीक्षानं ओठ घट्ट मिटून सायमनकडे बोट दाखवलं.

"मी चुकीचं पान तोडलं," सायमन इंग्रजीत म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "झाड कापायच्या आधीच मला ते कळलं होतं. मी गप्प बसलो. झाड कापलं. आता काही उरलेलं नाही."

डॉक्टर हॉब्स म्हणाले, "आम्हाला अतिशय खेद वाटतो."

"इथे आमच्याकडे जंगल तोडतात," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हणून तर मी ते तुमच्याकडे ठेवलं होतं."