भोंग्यावरचं आमंत्रण

मी एकदा लोकांना पोहे खायला बोलावलं आणि अख्खी वस्ती गाव सोडून गेली. चार कुटुंबं, त्यांची लेकरं, दोन शेळ्या आणि पाटीखाली झाकलेली एक कोंबडी. आमच्या भागात शेजारच्या उसात बिबट्या बसलेला असला तरी माणसं टॉर्च घेऊन पलीकडून जातात, राहती खोपी काही सोडत नाहीत. माझ्या आवाजानं सोडली.

तेव्हा मी साठीची होते. म्हणजे आताच्या मानानं तरुण, आणि अंगात रगही तशीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना गप्प बसवण्यात आयुष्य गेलं, आणि निवृत्त झाल्यावर घरात गप्प बसवायला कोणी उरलं नाही. आमचे हे आधीच गप्प. अशात तालुक्यातल्या एका संस्थेनं विचारलं, "बाई, बाहेरून आलेल्या कुटुंबांसाठी काम कराल का?" मी वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले.

ओतूरच्या अलीकडे आमचं गाव. कांदा, टोमॅटो, कोंबड्यांच्या शेड, सगळीकडे आता मध्य प्रदेशातल्या डोंगरातून आलेली कुटुंबं काम करतात. घरात त्यांची बोली, बाजारात हिंदी, आणि दवाखान्यात, शाळेत, रेशनच्या दुकानात मराठी. तिथं गाडी अडते. संस्थेची युक्ती साधी होती. मुलांच्या जोड्या करायच्या, गावातलं एक आणि वस्तीतलं एक. दोघांनी मिळून खोपीखोपीत जायचं, शाळेचं, लसीचं सांगायचं, लोकांचं म्हणणं ऐकून वहीत लिहायचं आणि गावात येऊन सांगायचं. मी समन्वयक. त्याचा अर्थ मी असा घेतला की बोलायचं मी आणि ऐकायचं बाकीच्यांनी.

सगळ्यात चांगली जोडी माझ्या नातीची. दुसरी मुलगी वस्तीतली, तीही सातवीतच. तीन भाषा बोलायची आणि तिन्हींत माझी नक्कल करायची, हे मला फार उशिरा कळलं. या मुलीनं चार गावांतल्या चार शाळा पाहिल्या होत्या, पण वार्षिक परीक्षेला एकदाही बसली नव्हती. दर वर्षी पेपर तोंडावर आले की काम संपायचं आणि बिऱ्हाड हलायचं. त्या वर्षी मात्र तिच्या वडिलांनी शब्द दिला होता की तिचा शेवटचा पेपर होईपर्यंत इथून हलायचं नाही. खोपीच्या पत्र्यावर तिनं कोळशानं रेघा ओढून ठेवल्या होत्या, परीक्षेला जितके दिवस उरले तितक्या. रोज शाळेला निघताना एक रेघ ओल्या बोटानं पुसायची.

अकरा रेघा उरल्या असताना मी मध्ये कडमडले.

वस्तीतल्या मुलांची तपासणी, लस आणि शाळेत नाव घालणं, असं तिन्ही एका सकाळी करायचं ठरलं होतं. देवळापुढं मांडव, डॉक्टर येणार, चाळीस जणांचे पोहे सांगितलेले. मुली म्हणाल्या, आम्ही खोपीखोपीत जाऊन सांगतो. मी त्यांची जायची पद्धत पाहिली होती. आधी शेळीला पाला घालणार, मग चहा पिणार, मग कोणाच्या तरी बाळाला खेळवणार, आणि उठता उठता कामाचं सांगणार. चार खोप्यांना दोन दिवस! मी म्हटलं, "त्यापेक्षा भोंग्यावरून सांगू."

आमच्या गावात म्हैस हरवली, वीज जाणार असली, कोणाचा दहावा असला, तरी देवळाच्या भोंग्यावरून सांगतात. आणि सांगण्याला वजन यावं म्हणून सुरुवात पोलीस पाटलांनी करायची, अशी रीत. आमचे पोलीस पाटील म्हणजे कांदा-लसूण करणारा साधा माणूस. ना खाकी, ना काठी. गावाला हे माहीत.

ती मुलगी म्हणाली होती, "आजी, भोंगा नको. मी सांगते ना."

आणि त्या काळची ती शहाणी बाई, म्हणजे मी, काय म्हणाले? "तू अजून लहान आहेस. सरकारी कामाला जरा भारदस्तपणा लागतो."

मी हिंदी शिकले टीव्हीवरून. निम्मी सासू-सुनांच्या मालिकांची, निम्मी बातम्यांची. आरशापुढं तीनदा म्हणून पाहिलं. दिवेलागणीला पाटलांनी भोंगा सुरू केला, "हॅलो, हॅलो, मी पोलीस पाटील बोलतोय," आणि माईक माझ्या हातात दिला. मी घसा साफ करून म्हटलं, "बाहर से आए हुए सभी परिवार ध्यान दें! कल सुबह ठीक आठ बजे बच्चों के साथ मंदिर के सामने हाजिर रहें! आधार कार्ड और सब कागजात साथ लाएं! एक भी परिवार छूटना नहीं चाहिए!"

पोह्यांचा उल्लेख राहिला. चहाचाही. ते मला त्या वेळी किरकोळ वाटलं.

पारावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "बाई, लई भारी हिंदी! जनू दिल्लीवरून बोलताय." मी घरी आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. आमच्या ह्यांनी फक्त एवढंच विचारलं, "कोणाला अटक करायचीय का?" मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय.

सकाळी आठ वाजले. साडेआठ वाजले. डॉक्टर आले, पोहे आले, मांडवात मी आणि पोलीस पाटील. तेवढ्यात नात धावत आली. "आजी, वस्तीत कोणीच नाहीये! सगळे पहाटे गेले!"

जाऊन पाहिलं तर खोप्या मोकळ्या. शेतात निम्मा कांदा उपटून पडलेला, आभाळ भरून आलेलं, आणि बांधावर शेतमालक उभा. तो माझा जुना विद्यार्थी, म्हणून शिव्या गिळत होता. "बाई, तुमी शाळेत व्हता तेच बरं व्हतं वो," एवढंच म्हणाला. पत्र्यावर अकरा रेघा तशाच होत्या.

पोलीस पाटील पोह्यांची दुसरी ताटली घेत म्हणाले, "पोहं झकास झाल्यात, बाई. खानारं आपनच हाय."

आमच्या ओट्यावर जोडीची ती वही सापडली. जाता जाता मुलगी ठेवून गेली होती, कारण वही गावाची होती. शेवटच्या पानावर नातीसाठी लिहिलं होतं: बोरी बुद्रुक. नदीच्या बाजूला. कांदा. माझ्यासाठी काही लिहिलं नव्हतं.

त्यांचा ठाव लागला तरी जायचा धीर मला दुसऱ्या दिवशी झाला. मी नातीला घेऊन बोरीला गेले. कुकडीकाठच्या शेतात चारही कुटुंबं कांदा काढत होती. मला पाहून बायका उभ्या राहिल्या, पुरुष बांधाकडं सरकले. मुलगी तेवढी खाली मान घालून पात कापत राहिली.

मी म्हटलं, "अगं, मी खायला बोलावलं होतं तुम्हाला."

तिनं वर न बघता सांगितलं, "अकरा रेघा होत्या, आजी."

मी तिथंच बांधावर टेकले. तिची आई चुलीपाशी गेली, कोरा चहा केला आणि माझ्या हातात दिला. मग समोर बसली.

"बाईजी, एक जगह ऐसेही बुलाया था. कागज लेके आओ बोले. आधे कागज गाँव में, आधे बारिश में गए. चार दिन बिठाके रखा. काम भी गया." मग थांबून म्हणाली, "खिलाने को बुलाया था तो खाने का बोलती. हमारे में पहले चाय का बोलते, काम का पीछे. तुमने पहले कागज का बोला. और वो पुलिस..."

"वो पुलिस नहीं है, वो तो प्याजवाला है!" मी म्हटलं. कोणाचा विश्वास बसेना. बसावा तरी का? स्वतःला पोलीस म्हणवणारा कांदेवाला त्यांनी कशाला पाहिला असणार?

मी तिथूनच पाटलांना फोन लावला. तासाभरात ते मोटारसायकलवर आले. मळकी बंडी, डोक्याला टॉवेल. आले, बघितलं, आणि विळा घेऊन बसले. सरासर पात कापायला लागले. बायका त्यांचे हात बघत राहिल्या. तो हात कांद्यातला आहे हे कांद्यातल्या माणसाला लगेच दिसतं.

मुलीच्या वडिलांकडं बघून पाटील म्हणाले, "भाऊ, मला भेताय व्हय? मला आमची म्हैसबी भेत न्हाई राव. कालच लाथ घातली तिनं." मुलीनं ते त्यांच्या बोलीत सांगितलं. सांगताना म्हशीची लाथही करून दाखवली. वडील हसले, आणि मग सगळेच हसले.

मलाही वाटलं, आपणही बसावं. माझं माहेर महाळुंगे पडवळचं, शेतकऱ्याच्या घरात जन्मले. पण लहानपणी कांद्याचं काम निघालं की मी पुस्तक घेऊन माडीवर जायची, ते आता बाहेर पडलं. चार कांदे कापले तर मुलीच्या आईनं माझा हात धरला. "इतना पास से नहीं. ऐसा काटोगी तो सड़ेगा. दो उंगली छोड़ो." पोरं खुसूखुसू हसत होती. शाळेत कांद्याच्या पिकाचा धडा मी किती वर्षं तोंडपाठ शिकवला होता!

आता परत या, असं मी म्हटलं. वडिलांनी नकारार्थी मान हलवली. राग नव्हता. पण इथल्या मालकाचं शेत त्यांनी ठोक पैशांत उक्तं घेतलं होतं, निदान बारा दिवसांचं काम. ते झालं की मुकादमानं पुढं नगरकडं ठरवलेलं. "आधा खेत छोड़के एक बार भागे," ते म्हणाले. "दुबारा नहीं."

परीक्षेला नऊ दिवस. शेत बारा दिवसांचं. हे गणित मुलीनं माझ्या आधी केलेलं होतं, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तोडगा पाटलांनी काढला, मी नाही. विळ्याची धार बोटानं बघत ते म्हणाले, "सावड करू की."

सावड म्हणजे आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. आमच्या आयांच्या वेळी सगळी शेती अशीच व्हायची, आता मजूर मिळतात म्हणून मागं पडली. मुलीनं वडिलांना सांगायला सुरुवात केली आणि ते मध्येच म्हणाले, हे आमच्यात आहे, अजून आहे. नाव वेगळं. बोरीचा मालक बांधावर येऊन ऐकत होता. म्हणाला, "मला काय, कांदा निघाल्याशी मतलब. आभाळ बघताय ना?"

शनिवारी सकाळी आमच्या गावातून पिकअपनं तीन खेपा केल्या. मागं उभे होते आमचे जोडीतले गाववाले वीर, त्यांचे काका-मामा, वीस-पंचवीस बायका आणि माझा तो चिडलेला विद्यार्थी. त्याला सगळ्यात घाई, कारण यांचं आवरलं की सावड फेडायला हे त्याच्याच शेतात येणार होते. दोन दिवस शेतात तीन भाषांत आरडाओरडा चालला होता. माझी नात त्यांच्या बोलीत आकडे मोजायला शिकली. आमच्या बायकांनी त्यांच्या बायकांना भाकरी दिली, त्यांनी मक्याची रोटी दिली, आणि मग दोन्हीकडं एकच चर्चा, कोणाची जाड. मला कापायला कोणी बसू देईना. पाण्याची कळशी दिली आणि म्हणाले, बाई, तुमी फक्त फिरा.

रविवारी ऊन उतरायच्या आत शेत मोकळं झालं. त्याच पिकअपमध्ये शेळ्या, कोंबडी, भांडी आणि माणसं भरून सगळे आमच्या गावी परत आले. मुलगी उतरली ती आधी पत्र्यापाशी गेली. मधल्या दिवसांच्या रेघा तिनं एकदम पुसल्या. मग बोट धुतलं आणि नातीला म्हणाली, "गणिताची वही आण."

तो राहिलेला तपासणीचा कार्यक्रमही झाला, परीक्षेच्या आदल्या आठवड्यातच. दोघी मुली खोपीखोपीत गेल्या. शेळीला पाला घातला, चहा प्यायल्या, बाळांना खेळवलं, उठता उठता कामाचं सांगितलं. दोन दिवस लागले. सगळी माणसं आली. कागद कमीजास्त होते, डॉक्टरांनी आधी लसी टोचल्या. पोहे कमी पडले. पाटलांना ताटली मिळाली नाही, ते अजून बोलून दाखवतात. भोंगा मी त्या दिवशी बंद ठेवायला लावला होता, तरी आमचे हे जेवताना म्हणालेच, "आज शांत शांत वाटतंय गावात."

मराठीचा पेपर पहिला होता. मी शाळेच्या फाटकापाशी उभी राहिले, निवृत्त झाल्यावर पहिल्यांदाच फाटकाच्या बाहेरच्या बाजूला. तिची आईही आली होती, विळा कमरेला तसाच, शेतातून तडक. आम्ही दोघी सारख्या आत बघत होतो.

घंटा झाली. नात आधी आली, मग ती. पट्टी कंपासमध्ये कोंबत, घाई नाही, काही नाही. मी म्हटलं, "कसा गेला गं? काय काय आलं होतं?"

तिनं आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, "एक सूचना लिहायला आली होती, आजी. मी तुमचीच लिहिली. फक्त कागदपत्रं काढली आणि चहा घातला."