नैवेद्याआधीची पोळी

आमच्याकडे डायबेटिस कोणाला होत नाही, शुगर होते. आणि एकदा झाली की माणूस त्याच दिवशी अर्धा डॉक्टर होतो. आमचे हे मालेगावात कृषी केंद्र चालवतात. फवारणीचं औषध न्यायला आलेल्या गड्याला काउंटरवरून दरडावतात, "एका पंपाले एकच झाकन! डबल टाकशीन तं पीक जळीन, मंग माह्याकडे बोंबलत येऊ नको." आणि हाच शहाणा लग्नाच्या पंगतीत बसायच्या आधी खिशातून शुगरची एक जादा गोळी काढून तोंडात टाकतो. त्याला ते 'बंदोबस्त' म्हणतात. बुंदी असली तर एक, जिलबी असली तर दोन. मोर्चा निघायच्या आधी पोलीस लावतात, त्यातलाच प्रकार.

एकटे हेच असते तर मी म्हटलं असतं, जाऊ द्या, आपल्या नशिबी आलं. पण मांडवाच्या कडेला यांची आख्खी टोळी उभी असते, आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी फिरावी तशा गोळ्या फिरतात. "तुही कोनती हाय बे? माही जोरदार हाय, घेऊन पाय."

टोळीचे म्होरके माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ. शुगर त्यांनाही आहे, आणि घरात ते थोरले म्हणून त्यांची गोळीही थोरली. भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही अशी आमच्या घरची रीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते माझ्याशी दाराच्या चौकटीमार्फत बोलतात. "चहा झाला असन तं पाठवा म्हना," असं त्यांनी चौकटीला सांगायचं आणि मी पदर सारखा करत ते ऐकायचं. उत्तरही चौकटीलाच द्यायचं. आमच्या घरात सगळ्यात समजूतदार तीच.

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या गावी, भासऱ्यांच्याच घरी बसतात. जेवणाच्या दिवशी उजाडल्यापासून आम्ही बायका चुलीपुढे. सोळा भाज्या, कढी, वडे, आंबील, आणि पुरणाचं असं पातेलं की हलवायला दोघी लागतात. पण देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी कणभर तोंडात घालायचं नाही, मिठाची चवसुद्धा बघायची नाही. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आरती वेळेवर झाली तर नियम फार चांगला आहे.

गेल्या वर्षी भासऱ्यांच्या डोक्यात भरलं की आरती तालुक्याच्या एका पुढाऱ्याच्या हातून करायची. साहेब म्हणाले, बाराला येतो. झालं! "जेवन बाराले, म्हंजे गोळी आत्ताच घ्या लागते," असं म्हणून भासऱ्यांनी आपली थोरली गोळी यांच्या तळहातावर ठेवली, आणि यांनी ती गिळली. यांनी स्वतःच्या दोन आधीच गिळल्या होत्या, कारण पुरणाचा वास आला होता. पोटात सकाळपासून बिनसाखरेचा चहा, बाकी हरी विठ्ठल. भासरे स्वतः मात्र हार, शाल, नारळ यांच्या धावपळीत आपली गोळी घ्यायची विसरले. देव कोणाला कसा वाचवतो, काही सांगता येत नाही.

बारा वाजून गेले, दुपार कलायला लागली. साहेबांचा फोन लागला की पलीकडून "निंगालोच" एवढंच यायचं.

मग हे स्वयंपाकघराच्या दारात आले. सदरा घामानं चिंब. हात थरथरत होते. "काईतरी गोड दे वं," म्हणाले, "जीव घाबरून राह्यला." यांचा आवाज कधी नव्हे तो लहान झालेला. मी उठून गुळाच्या डब्यात हात घातला, खडा उचलला, तोच जाऊबाईंनी मनगट धरलं. "अवं, नैवेद्य व्हाचा हाय अजून! आन् शुगरच्या मानसाले गूळ? मारतं का त्याले?" एका दमात धर्मही सांगितला आणि वैद्यकीही. दोन्हींपुढे मी कोण? खडा डब्यात गेला, डबा त्यांच्या पाटाखाली. हे तसेच अंगणात निघून गेले.

अंगणात यांनी तमाशा मांडला. कोणाला ओळखेनात. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याची कॉलर धरून ओरडायला लागले, "एका पंपाले एकच झाकन!" पाय एकमेकांत अडकायला लागले, जीभ जड झाली. कोणीतरी हसून म्हणालं, "मामला वल्ला हाय." भासरे तावातावानं आत आले आणि चौकटीला म्हणाले, "सांगा त्याले, देवीच्या घरी तरी घ्याची नोती." या माणसानं जन्मात थेंबाला शिवलेलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण चौकटीशी भांडून करणार काय?

तेवढ्यात धप्प आवाज आला.

हे पडले होते. तोंड एका बाजूला वाकडं, त्या कोपऱ्यातून लाळ. मी उजवा हात उचलला, तो सोडला की पडायचा. पायही तसाच. डोळे उघडे होते, माझ्यावर होते, पण त्यांत मी नव्हते. मी डोकं मांडीवर घेतलं आणि मला वाटलं, संपलं, गेला माझा माणूस.

"लकवा! लकवा मारला!" आणि सगळं अंगण डॉक्टर झालं. एकानं पायातली चप्पल काढून यांच्या नाकाला लावली. ती मिरगीवर लावतात, पण चप्पल पायात होती म्हणून लावली. दुसऱ्यानं सांगितलं, गरम कबुतराचं रक्त चोळा, हात चालू होतो. यावर चर्चा झाली. कबुतर कोणाकडे मिळेल इथपर्यंत आली. मग जाऊबाई ओरडल्या, देवी बसली असताना घरात जीव कापायचा नाही. तर ठरलं काय? उद्या महालक्ष्म्या उठल्या की कापू! तोवर लकव्यानं थांबावं, अशी अपेक्षा. एक म्हातारी आत्या म्हणाली, जिभेवर साखर तरी लावा, तर दहा जण तिच्यावर धावले. "शुगर हाय त्याले, शुगर!"

मी किंचाळले, "गाडी काढा, कोणीतरी गाडी काढा!" शेजाऱ्यानं जीप काढली, आणि तेवढ्यात बोळीच्या तोंडाशी फटाके वाजले. साहेब आले. त्यांची पांढरी गाडी बोळीत बुचासारखी बसली. जीप आत, साहेब बाहेर. भासऱ्यांच्या एका हातात हार होता आणि ते एकदा भावाकडे बघत, एकदा साहेबांकडे. साहेब वाकले, यांच्याकडे पाहिलं आणि हात जोडून म्हणाले, "काळजी करू नका वहिनी, काही लागलं तर सांगा."

"गाडी लागते," मी म्हटलं. "आत्ता लागते." डोक्यावरचा पदर कधीचा खांद्यावर आला होता. चार पोरांनी मोबाइल वर धरले होते, म्हणून असेल, साहेबांनी गाडी दिली. ड्रायव्हर खर्रा घोटून घ्यायला गेला होता, त्याला शोधण्यात आणखी वेळ गेला. तो सापडेपर्यंत मी त्या साहेबांना, त्यांच्या ड्रायव्हरला आणि खर्रा शोधून काढणाऱ्याला ज्या शिव्या घातल्या, त्या माझ्या माहेरी कोणी ऐकल्या असत्या तर मला पुन्हा दारात घेतलं नसतं.

मालेगावच्या डॉक्टरांनी आधी यांचं बोट टोचलं, मशीनकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. शिरेतून ग्लुकोज सोडलं. मी उजव्या हाताकडे बघत उभी होते. आधी करंगळी हलली. मग मूठ वळली. पाणी देऊन रोप उभं व्हावं तसं तोंड सरळ झालं, आणि शुद्धीवर आलेल्या या महापुरुषाचा पहिला शब्द काय? "पंगत उठली काय?"

"लकवा नव्हता," डॉक्टर म्हणाले. "अंगातली साखर संपली होती. मेंदूला साखर मिळाली नाही की असाच एका बाजूचा हातपाय जातो, तोंड वाकडं होतं, माणूस बरळतो. आणखी उशीर झाला असता तर हे परत उठले नसते. आणलं कुठून यांना?"

"महालक्ष्मीच्या जेवणातून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "आन् तिथं साखर नोती?" ते आपले साधे विचारत होते. मला आधी हसू फुटलं, आणि मग जी रडायला लागले ती थांबेचना. मला पाटाखालचा तो डबा दिसत होता. गोळ्यांचा जोर अंगात टिकतो म्हणून यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. गावात तोवर पक्कं झालं होतं की साहेबांचा पाय लागला आणि लकवा पळाला. साहेबांच्या मोबाइलवरूनही तेच फिरत होतं, फोटोसकट.

यांचा बंदोबस्त मी बंद केला. गोळ्या आता माझ्याकडे असतात.

यंदा पुन्हा महालक्ष्म्या. पुन्हा तेच पातेलं. पुन्हा आरती खोळंबली, या वेळी दुसऱ्या एका साहेबांसाठी, कारण पहिले साहेब आता दुसऱ्या पक्षात आहेत. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, तशी मी उठले. तव्यावरची पोळी ताटात घेतली, वर तूप सोडलं, आणि सगळ्यांदेखत यांच्यापुढे नेऊन ठेवली.

"अवं, देवीच्या आंधी?" जाऊबाईंच्या हातातलं उलथनं वरच राहिलं.

"देवीले शुगर नाही, जाऊबाई," मी म्हटलं. "ते थांबते."

हे मान खाली घालून खायला लागले. मी आत वळणार, तर भासरे चौकटीला धरून उभे. कपाळावर घामाचे थेंब. बंदोबस्त करून बसले असावेत. चौकटीवरचा हात कापत होता. त्यांनी चौकटीकडे पाहिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "मलेबी तोड थोडी."