दिवाळीचा डबा आणि खारोड्या

दिवाळीच्या सुट्टीआधी अर्थशास्त्राच्या सरांनी जगातली विषमता शिकवली. मूठभर लोकांकडे किती आणि बाकीच्यांकडे किती, हे ऐकून मला चैन पडेना. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे तिथं शिकवलेलं लगेच कुठंतरी वापरलं पाहिजे, असं मला वाटत राहतं. कोल्हापूरहून एसटीने कागलला उतरेपर्यंत माझं ठरलं: यंदा फराळ गरजूंना द्यायचा.

आईला सगळं समजावून सांगितलं. आफ्रिकेपासून सुरुवात केली. ती म्हशीची धार काढत होती.

"जगाचं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "चकल्या पाडायला कोण बसणार हाय?"

"मी."

"मग झालंच जगाचं भलं."

माझ्या पहिल्या घाण्यातल्या चकल्या तेलात विरघळल्या. पुढच्या थोड्या बऱ्या झाल्या. गावाबाहेरच्या माळावर ऊसतोडीची टोळी नुकतीच उतरली होती. बीडकडची माणसं, पाचटाच्या कोप्या बांधून राहिलेली. त्यांच्यासाठी आईनं चार डबे भरले. त्यातला एक तिच्या लग्नात मामानं दिलेला, झाकणावर नाव कोरलेला.

"डबं तेवढं आठवणीनं आण," ती म्हणाली.

पहिल्या तीन कोप्यांत काम पटकन झालं. पोरं ताटल्या घेऊन आली, मी डबे रिकामे केले आणि पिशवीत टाकले. चौथ्या कोपीत आईच्या वयाची एक बाई चूल लिंपत होती. तिनं हात धुतले, मामाचा डबा दोन्ही हातांनी घेतला आणि आत नेऊन ठेवला. मी बाहेर थांबले. ती हात हलवतच परत आली.

"डबा मागून देते, ताई. आजून सामान बी सोडलं नाई बघा."

डबा रिकामा करायला सामान कशाला सोडावं लागतं, ते मला कळेना. मग मला वाटलं, हिला डबाच हवा असेल आणि मागायला लाज वाटत असेल. मामाचा डबा होता खरा, पण मला सरांचा तास आठवला. मी मोठ्या मनानं म्हणाले, "राहू दे की मावशी, तुम्हीच ठेवा. आम्ही काय परत घ्यायला दिलाय?"

तिचा चेहरा एकदम बदलला.

"डबा मागितला का म्या?" एवढंच म्हणून ती पुन्हा चुलीशी जाऊन बसली.

घरी आईनं पिशवी उघडली. "चौथा कुठाय?"

मी सांगितलं. चांगलं काम केल्यासारखंच सांगितलं असणार, कारण आईनं हातातलं खाली ठेवलं.

"शेजारच्या काकूंचा डबा आपण कसा परत देतोय गं?"

"साखर तरी घालून."

"मग तिच्या घरात काय असणारच न्हाय, असं तूच ठरीवलंस व्हय?"

लहानपणापासून मूठभर साखर घातलेले डबे मीच तर पोचवत आले आहे. रिकामा डबा कुणी परत देत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिच्या दारात मात्र ते मला आठवलंच नाही.

"मी जाऊन माफी मागते."

"आता गेलीस तर डबा मागायला आलीस म्हणंल. गप बस."

गप बसणं फार अवघड गेलं. पाडवा झाला, भाऊबीज झाली. टोळी तोडीला लागली. रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की मी दारात. आईला डब्याची काळजी होती की नाही, माहीत नाही. मला वाटत होतं, ती बाई आता आमच्या दाराकडं बघणारसुद्धा नाही.

भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. डबा राखेनं घासलेला, आमच्या घरी कधी चमकला नव्हता इतका. माझ्याकडं न बघता ती आईला म्हणाली, "तुमच्या लेकीनं तर डबा मला दानच केला व्हता."

"कॉलेजात जाती न्हवं," आई म्हणाली. "तिथं ह्ये शिकवत न्हाईत."

"मग तुम्ही शिकवा की!"

दोघी माझ्यादेखत खळखळून हसल्या. मीही हसले, जरा उशिरा. डब्यात सुपारीएवढ्या तपकिरी कसल्याशा वड्या होत्या. आईनं एक उचलून वास घेतला.

"ह्ये काय म्हणायचं?"

"बाजरीच्या खारोड्या. उन्हाळ्यात करून ठेवतो. तळून खा." मग ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "चकल्या कुणी केल्या?"

"मी."

"मोहन जास्त झालंय. निम्म्याचा भुगाच निघाला. ये एकदा, दावते."

चहा घेऊन ती गेली. आम्ही लगेच खारोड्या तळल्या. आईनं दोन खाल्ल्या, मग डबाच स्वतःकडं ओढून घेतला.

रविवारी आईनं त्याच डब्यात लिंबाचं लोणचं भरलं आणि माझ्या हातात दिलं.

"ह्या टायमाला त्वांड मिटून जा," ती म्हणाली.

मी तोंड मिटूनच गेले. मोहनाचं माप लिहून घ्यायला वही मात्र बरोबर नेली.