दोन हातांचा रुमाल

मला क्रॉसचा टाका येते. आमच्याकडच्या गड्यांना सुई लागते ती पायातला काटा काढायला. मला मात्र फुल्यांची अख्खी ओळ भरता येते. माह्या बायकोनं शिकवलं. मी आधी तिचं बोट मोडलं, मंग तिनं शिकवलं. तिला जाऊन दोन पावसाळे झाले. तिनं हे जन्मभर कोणाला सांगतलं नाही, म्हणून मी लिहून ठेवतो. चौथीपर्यंत शिकलो, जसं जमते तसं लिहितो.

नव्वद सालाच्या आगंमागंची गोष्ट. आमचं गाव आदिलाबादकडं, जैनथच्या पलीकडं, पैनगंगेच्या अंगाला. बाप मेला होता. घरात माय, मी, बायको आन लग्नाची बहीण. बहिणीला गुडीहत्नूरकडचं स्थळ आलं. पोराची आत्या पोरगी पाहायला आली तवाच तिनं बजावलं, "रुखवतात पोरीच्या हातचा भरलेला रुमाल पाहिजे. इकतचा चालत नाई. मी उलटून पाहीन बरं!" मायनं लगेच हो म्हणलं. बहिणीला तवा गुंडी लावता येत नव्हती.

बायकोचं माहेर नदीपलीकडं, वणीच्या बाजूला. ती सातवी शिकली होती आन तिथं शाळेतल्या बाईनं तिला भरतकाम शिकवलं होतं. तिनं आदिलाबादहून मॅटीचं कापड आणवलं, त्यात सारखी भोकं असतात. कापडाची चौघडी घालून मधलं भोक काढलं आन बहिणीला सांगतलं, "मधातून सुरू कर. गाठ मारू नको, दोऱ्याचं शेपूट मागं धरून टाक्याखाली दाब. खालची तंगडी कशीबी असो, वरची तंगडी साऱ्या फुल्यांची एकाच बाजूला पडली पाहिजे." नक्षी होती दोन हरणं आन मधी झाड.

बहीण वीस दिवस बसली. पण हात अवघडला की ती कापड ताणून धरायची रिंग आडवी फिरवून घ्यायची. कापड फिरलं की टाकाही फिरतो. एका हरणाच्या फुल्या डावीकडं, दुसऱ्याच्या उजवीकडं. उन्हात धरलं तं एक हरण चमकायचं, दुसरं मेल्यासारखं दिसायचं. बायकोनं पाह्यलं आन काही न बोलता दाढीच्या पत्तीनं दोन्ही हरणं उसवून टाकली.

मायनं वसरीत छाती पिटली. मी वावरातून बैल घेऊन येतच होतो.

"पाह्य तुह्या बायकोनं काय केलं! पोट्टीचं लगन मोडाले बसली हे!"

मी विचारलं नाही. हातात तुतारी होती, बैल हाकायची. तीच घातली. पहिली पाठीवर बसली. दुसरीच्या वेळी तिनं कापड वाचवायला हात वर केला, आन तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडते तसा. ती रडली नाही. तिनं कापड पाह्यलं, रक्त लागलं का म्हणून.

हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कांब्या बांधल्या. म्हणला, दोन महिने सुई धरायची नाही. लग्नाला उरले पंधरा दिवस. बहिणीच्या एकटीच्यानं ते होणं नव्हतं. ती एक हरण भरू लागली, दुसरं तसंच राह्यलं. रुमाल झाला नाही तं आत्या मांडवातून पोरगा उठवून नेणार, हे घरात साऱ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माय कापूस वेचायला गेली. बायकोनं दार लावलं आन रिंग माह्या मांडीवर टाकली.

"बसा."

"मी? बाईचं काम हाय हे."

"बाईचं बोट काऊन मोडलं मंग? आता तुमचं बोट द्या."

बसलो. तिची तऱ्हा होती ओळीची. एका बाजूनं नुसत्या अर्ध्या फुल्या घालत जायचं, येतानी त्याच भोकातून दुसरी तंगडी टाकत यायचं. मागून उभ्या रेघा पडतात, पेरणीच्या तासासारख्या. पण त्यात भोकं मोजत जा लागते आन माही मोजणी चुकायची. चुकलो की ती डाव्या हातानं दुसरी सुई माह्या मांडीत खुपसायची. हलकी नाही, चांगली आत. धोतरावर लाल ठिपके पडायचे.

"आई गं! पागल झाली का?"

"तुतारीपेक्षा बारीक हाय. मोजा."

बहीण रुमालाचं दुसरं टोक धरून आपलं हरण भरायची आन तोंडात पदर कोंबून हसायची. मंग तिलाही एक टोचणी भेटायची.

चार दिवसांनी बायको म्हणली, तुमच्यानं ओळ होत नाई. मंग दुसरी तऱ्हा दाखवली. एक फुली पुरी करायची, मंगच दुसरीला हात लावायचा. मोजणी कमी, पण दोरा जास्त जाते आन मागची बाजू गचाळ दिसते, रेघा तिरप्यातिरप्या. ती म्हणली, समोरून कळणार नाई. त्या तऱ्हेनं मी हरणाची पाठ आन मागचे पाय भरले. रुखवतात उशीचे अभ्रेही द्यायचे होते, ते साध्या कापडाचे, त्यात भोकं नव्हती. तिथं तिनं वरून जाळी टाचायला लावली, जाळीच्या भोकांतून फुल्या घ्यायला लावल्या. मंग पाणी लावून जाळीचा एकेक धागा ओढून काढायचा. तो मी दातानं ओढला. ओढतानी ओठ चिरला. बायको पाहात राह्यली.

एक दिवस माय लवकर आली. दार उघडलं तं पोरगा सुई घेऊन बसलेला. तिनं चुलीतलं लाकूड ओढलं आन बायकोच्या खांद्यावर हाणलं. "माह्या लेकाले बायको बनवली, रांडे!" दुसऱ्या वेळी लाकूड त्या बांधलेल्या बोटावर आलं असतं. मी मायला ढकललं. ती कणगीवर आपटली, कपाळ फुटलं. जन्म दिलेल्या बाईवर मी हात टाकला, तोही हरणाच्या पायापायी. बायकोनंच तिच्या कपाळावर हळद दाबली, एका हातानं.

रुमाल झाला.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत मांडलं. आत्या सरळ रुमालाकडंच गेली. समोरून पाह्यलं, मान हलवली. मंग उलटा केला आन बोट फिरवत थांबली.

"ह्यात दोन हात हायत. हे उभं, हे तिरपं. पोरीनं नाई केलं हे. सुई आणा, आमच्यापुढं भरू द्या तिले."

बहीण हळदीच्या अंगानं खाली बसली. तिनं मधल्या झाडाशेजारी पाच अर्ध्या फुल्या टाकल्या आन पाची परत घेत आली. वरची तंगडी एका बाजूला. आत्यानं उलटून पाह्यलं. पाच उभ्या रेघा.

"येते हिले. मंग हे तिरपं कोणाचं?"

"भाऊचं," बहीण म्हणली. "वैनीचं बोट मोडलं होतं म्हणून."

"बोट काऊन मोडलं?"

बायको मांडवाच्या खांबापाशी उभी होती. बहिणीनं माह्याकडं पाह्यलं आन सांगून टाकलं, "भाऊनंच मोडलं. मारून."

मला वाटलं आता लग्न मोडते. आत्या हसली. मंग वऱ्हाडातले गडी हसले. कोणी म्हणलं, "मोडलं बी ह्यानंच, भरलं बी ह्यानंच! झाली भरपाई!" नवरदेव मुंडावळ्या बाजूला सारून हसला, मांडी थापटून. आत्यानं रुमालाची घडी घालून आपल्या पिशवीत टाकली. लग्न पक्कं.

बायको माह्याजवळ आली. हळू आवाजात म्हणली, "नवरदेव हसला. पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"अजून अक्षता पडल्या नाईत. तुमी थोरले. बोला."

मी म्हणलो, "लोकं जेवायला थांबली हायत." आन मूठभर तांदूळ घेऊन पुढं झालो.

नागपंचमीला बहीण घरी आली. बायको तिला न्हाऊ घालत होती, तिनं मला आत हाक मारली आन पोरीची पाठ दाखवली. पाठीवर वळ होते, जुने बी, नवे बी. त्याच दिवशी बस धरून गुडीहत्नूरला गेलो. जावई अंगणात बाजेवर बसला होता.

म्हणलो, "हात काऊन टाकला तिच्यावर?"

तो बाजेवरून उठलाही नाही. "मोठे भाऊ, मी बोट तं नाई ना मोडलं?"

मी त्याला मारलं. त्यानं मला मारलं. त्याच्या भावानं मागून धरलं, माहा एक दात तिथं पडला. गावकऱ्यांनी ओढत रस्त्यावर आणलं.

घरी आलो. बायकोनं रक्त पाह्यलं, पाणी दिलं. मी काय झालं ते सांगतलं, जावई काय म्हणला तेही.

"तो खरं बोलला," ती म्हणली. "तुमी तिथं मारायला काऊन गेले? तिला परत धाडायचं का नाई, ते मला विचारलं असतं."

दिवाळीपर्यंत बहीण आमच्याकडं राह्यली. मंग माय आन आत्यानं मिळून तिला परत धाडली. बायको बसपर्यंत गेली नाही. मी गेलो, तिची पेटी मीच बसच्या टपावर चढवली.